नाव न घेता

धोंडिरामबाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाची उपकारस्तुती घरीच करायची असं ठरलं, तेव्हा पाटोळ्यांच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. ठरलं म्हणजे काय, तर बाबांनी सकाळी दाढी करता करता आरशाला सांगितलं आणि ते घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. चर्चच्या पाळकसाहेबांना बोलवायचं, चार गीतं म्हणायची, देवाचे उपकार मानायचे आणि आल्यागेल्याला चहा-फराळ द्यायचा, एवढाच बेत. कन्नमवार नगरात तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन ब्लॉक होते, एक थोरल्या सहदेवचा, एक धाकट्या मार्तंडचा. पण स्वयंपाक पहिल्यापासून एकत्र. आता दोन्ही सुना एकाच ओट्याशी उभ्या राहायच्या आणि मालनला तिखटाचा डबा हवा असला की ती बाहेर नवऱ्याला हाक मारायची. मार्तंड बिचारा पेपर खाली ठेवून आत यायचा, विमलच्या हाताजवळचा डबा उचलून आपल्या बायकोच्या हाताजवळ ठेवायचा आणि परत पेपरमागे जायचा.

ह्या सगळ्याचं मूळ एका प्रार्थनेत होतं, हे सांगितलं तर बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही.

थोरली सून विमल ही विक्रोळीच्या चर्चच्या मंडळीतल्या स्त्री-सभेची सेक्रेटरी. तिच्या प्रार्थनेची ख्याती भांडुपपर्यंत होती. आवाज गोड, शब्द भारदस्त, आणि प्रार्थना इतकी सविस्तर की देवाला आधी काहीच ठाऊक नसावं. "प्रभू, तुला माहीत आहेच की आमच्या बिल्डिंगमधल्या त्या भगिनीचा मुलगा तिसऱ्यांदा मॅट्रिकला बसतो आहे," असं ती म्हणायची आणि मिटलेल्या डोळ्यांनी सगळ्या बायका ती भगिनी कोण ते ओळखायच्या. विमलच्या मनात वाईट काही नसायचं. कळवळा खरा असायचा. पण कळवळ्याला जोडून थोडी बातमीही निघून जायची, आणि ती आपल्याजवळ पहिल्यांदा आली ह्याचं थोडं सुखही असायचं, हे तिनं स्वतःला कधी सांगितलं नव्हतं.

मार्तंडची मुलगी उत्तरा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात टायपिस्ट होती. मुलुंडच्या श्यामसुंदरशी तिचं लग्न ठरलं होतं, साखरपुडा झाला होता, आणि चर्चमध्ये तीनदा करायच्या जाहीर घोषणेतली पहिली घोषणाही झाली होती. त्याच आठवड्यात विमलनं घाटकोपरला उत्तराला एका माणसाच्या स्कूटरवरून उतरताना पाहिलं. उतरली ती थेट एका बाळंतपणाच्या दवाखान्यात शिरली, आणि मागोमाग तो माणूसही. विमलची त्या रात्री झोप उडाली. पोरीला विचारावं, असं एकदा मनात आलंही. पण विचारायचं कसं? त्यापेक्षा प्रार्थना करावी. मंगळवारी स्त्री-सभेत तिनं उभं राहून विनंती केली, "माझ्या एका पुतणीसाठी प्रार्थना करा. पोर मोठ्या मोहात सापडली आहे. नाव घेत नाही, तरुण वय आहे."

नाव घेत नाही, हे ठीक होतं. पण विमलला पुतणी एकच होती.

रविवारपर्यंत ती विनंती मुलुंडला पोचली. दुसरी घोषणा झाली नाही. आणि पुढच्या आठवड्यात उत्तराच्या ऑफिसातली नीला नावाची मुलगी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आली, तिला दिवस गेले होते म्हणून. बरोबर नवरा होता. त्या दिवशी पहिल्या तपासणीला नीलाला एकटीला भीती वाटत होती, ती पुढे दवाखान्यात जाऊन बसली आणि नवऱ्याला म्हणाली, ऑफिसातून उत्तराला घेऊन या. एवढीच ती गोष्ट. विमलनं त्या माणसाला चहा दिला, त्याचा चेहरा पाहिला आणि ती आत जाऊन पलंगावर बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

घरात तिनं सगळं सांगितलं. मार्तंड मुलुंडला जाऊन आला. श्यामसुंदरची आई सुगंधाबाई सरकारी इस्पितळात नर्स, तोलून मापून बोलणारी. ती म्हणाली, "मार्तंडभाऊ, मुलीचा बाप दुसरं काय सांगणार? जिनं सांगितलं तिनं येऊन सांगू दे, की खोटं होतं. मी तिचं ऐकेन." म्हणजे कुलूपही विमलचं आणि किल्लीही विमलच्याच कमरेला.

आणि विमल रडत होती. दीडेक महिना झाला, ती बुधवार-शुक्रवार उपास करत होती, प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला समोर आला की मान खाली घालून पुढे जाऊ देत होती, सेक्रेटरीपद सोडते म्हणाली होती. एकदा तर स्त्री-सभेत उभी राहून तिनं कबुली दिली, "बहिणींनो, मी महापापी आहे, माझ्या जिभेनं मी देवाला दुखवलं आहे." बायकांनी तिला मिठ्या मारल्या, दोघीतिघी सोबत रडल्या. फक्त जिभेनं नेमकं काय केलं हे तिनं सांगितलं नाही, आणि एवढ्या रडारडीत विचारायचं कुणाला सुचलं नाही. मुलुंडला जायचं म्हटलं की तिला घरातलं काहीतरी काम आठवायचं. "जाते," ती सहदेवला म्हणायची, "देवानं बळ दिलं की जाते." सहदेव कंपनीत फिटर, सरळ माणूस, तो म्हणायचा, "विमल, इतकं मनाला लावून घेऊ नकोस." त्याला बायकोचं सुकलेलं तोंड बघवत नव्हतं, आणि भावाच्या डोळ्यांत बघायची सोय राहिली नव्हती.

तर त्या रविवारी दुपारी विमल बटाटेवडे तळत होती. उपासनेला बाहेर बसायचं नाही, तळणाचं निमित्त करून आतच राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. बाहेर सहदेव आणि मार्तंड शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या लावत होते. टीव्हीवर मालननं भरतकामाचं कापड टाकलं होतं. पाळकसाहेबांनी निरोपच धाडला होता की संध्याकाळचा सिनेमा सुरू व्हायच्या आत सगळं आटोपू, नाहीतर अर्धी मंडळी मधूनच उठेल.

उत्तरा कपबशा घ्यायला आत आली. गेले काही दिवस ती घरात कामापुरतं बोलायची. कपबशा ताटात रचता रचता म्हणाली, "काकू, सुगंधाबाई येणार आहेत."

विमलच्या हातातला झारा कढईतच राहिला. "कोण म्हणालं?"

"आजोबांनी बोलावलंय. त्यांचा बाप्तिस्मा आजोबांनी केला होता ना लहानपणी. नाही म्हणू शकल्या नाहीत. एकट्याच येतायत."

विमलनं गॅस बंद केला आणि भिंतीला हात टेकला. "उत्तरा, माझं डोकं गरगरतंय गं. मी समोरच्या घरात जरा पडते. मालनला सांग उरलेले तळायला."

"झालं," उत्तरा म्हणाली. तिनं कपबशांचं ताट खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "झालं का सुरू? आता तू पडणार, मी तुला लिंबूपाणी आणणार, आई तिकडे तोंड फुगवून वडे तळणार, आणि सुगंधाबाई चहा पिऊन मुलुंडला परत जाणार. काकू, एक सांगू? तू उपास करतेस तेव्हा मी तुला साबुदाणा भिजवून देते. तू रडतेस तेव्हा मी पाठीवर हात फिरवते. माझं लग्न मोडलंय यार, आणि घरात सगळे तुला जपतायत."

"मला कळतं गं सगळं," विमल म्हणाली. डोळे भरून आले. "मी आहेच तशी. माझ्यासारख्या बाईला देवानं..."

"नको ना," उत्तरा म्हणाली. "परत नको. तू आहेच तशी म्हटलंस की मी पुढे काय बोलायचं? मग मला तुझी समजूतच काढावी लागते."

ती ताट घेऊन बाहेर गेली. विमल भरल्या डोळ्यांनी उभी राहिली, आणि गंमत म्हणजे ह्या खेपेला तिला रडू पुरतं आलंच नाही. पोरीवर थोडा राग आला. एवढं सोसतेय मी, आणि ही असं बोलते? मग त्या रागाची लाज वाटली. पदरानं तोंड पुसून ती जिना ओलांडून समोरच्या ब्लॉकमध्ये गेली.

तिथं पलंगावर धोंडिरामबाबा कोट चढवून बसले होते. तीस-चाळीस वर्षं त्यांनी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत उपदेशक म्हणून पायपीट केली होती. गुडघे गेले होते, कान अर्धे गेले होते, आवाज मात्र अजून शाबूत होता. कोटाची बटणं त्यांना लागत नव्हती.

"ये पोरी, बरी आलीस. हे लाव."

विमल खाली बसून बटणं लावू लागली. "बाबा, सुगंधाबाईंना तुम्ही बोलावलंत?"

"हो."

"मग मी इथंच थांबते. मी कुठल्या तोंडानं येऊन बसू? मी नालायक आहे बाबा. मला त्या खोलीत बसायचा अधिकार नाही."

"हे कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणायला पाहिजे? आतून येतं. रोज सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच येतं. देवच बोलतोय माझ्याशी."

बाबांनी हनुवटी वर केली, म्हणजे तिला गळ्याजवळचं बटण लावता यावं. मग म्हणाले, "देव नालायक म्हणतो? मला इतक्या वर्षांत कधी म्हणाला नाही गं. 'धोंडिराम, त्या पाटलाशी उद्धट बोललास, जाऊन मिटव,' असं पुष्कळदा म्हणाला. 'बायकोवर उगाच खेकसलास,' असं तर रोज म्हणायचा, तुझी सासू जिवंत होती तोवर. पण नालायक? तो शब्द त्याच्या तोंडचा वाटत नाही मला."

विमल त्याच्या खालच्या बटणाकडे वळली.

"शास्त्रात दोन वेगवेगळे शब्द आहेत," बाबा म्हणाले. आवाज चर्चमधल्यासारखा मोठा झाला, मग त्यांना स्वतःलाच ते जाणवलं आणि त्यांनी तो खाली आणला. "एक दंडाज्ञा. आणि दुसरा खातरी. पवित्र आत्मा माणसाला पापाविषयी काय करतो म्हणून लिहिलंय? खातरी करतो. मी नवा उपदेशक होतो तेव्हा मला हा शब्दच कळेना. पापाची कसली खातरी? बाजारात बैल घेताना करतो ती खातरी. दात बघायचे, पाय बघायचे, चालवून बघायचं. मग हळूहळू कळलं. खातरी म्हणजे नेमकं बघणं. इथं दुखतं, हे मोडलं, हे तू केलंस. आणि बघितलं की माणूस उठतो. दंडाज्ञेत बघायचं काही नसतं. निकाल लागलेला असतो. कोपऱ्यात बसायचं आणि मी वाईट, मी वाईट म्हणत राहायचं. त्याला काही अक्कल लागत नाही आणि हिंमतही लागत नाही."

हिंमत हा शब्द विमलला लागला. तिनं शेवटचं बटण लावलं आणि तिथंच जमिनीवर बसून राहिली.

"एका खेड्यात माझा उपदेश चालू असताना एक माणूस मधेच उठून गेला," बाबा सांगू लागले. "बाकीचे हुंदके देत होते, मी जोरात होतो. हा उठला, टोपी घातली, गेला. मला राग आला. दुसऱ्या दिवशी कळलं, शेजाऱ्याच्या पाण्याच्या वाटेवर ह्यानं बाभळीची काटी टाकून ठेवली होती, ती काढायला गेला होता. जे रडले त्यांनी घरी जाऊन भाकरी खाल्ली आणि झोपले. मी रडू नको म्हणत नाही. मीही पुष्कळ रडलोय. पण मला सांग, काटी कुठं आहे तुझी?"

"मी फार मोठं पाप..."

"ते नको. काय केलंस?"

"मी माझ्या जिभेनं..."

"जीभ सगळ्यांनाच आहे. काय केलंस?"

समोरच्या घरात कुणीतरी पेटीचा भाता हलवून बघत होतं. विमल हळू आवाजात म्हणाली, "मी उत्तराला एका माणसाबरोबर दवाखान्यात जाताना पाहिलं. तिला काही विचारलं नाही. आणि ती वाईट मार्गाला लागली असं समजून बायकांना सांगितलं. ते खोटं होतं."

बाबांनी कानामागे हात धरून ऐकलं. "एवढंच?"

"एवढंच," विमल म्हणाली, आणि तिला स्वतःलाच नवल वाटलं. दीड महिना जे तिच्या डोक्यावर छपरासारखं बसलं होतं, ते बोलून दाखवलं तर दोन श्वासांत संपत होतं. लहान नव्हतं ते. एका पोरीचं आयुष्य त्यात अडकलं होतं. पण त्याला सुरुवात होती आणि शेवट होता, आणि ते हातात धरून दुसऱ्याला दाखवता येत होतं.

"बाबा, सुगंधाबाई मला काय म्हणतील?"

"म्हणेल काहीतरी. नर्स आहे, म्हणेलच."

"आणि स्त्री-सभेतल्या? पुढे माझ्या विनंतीवर कोण विश्वास ठेवेल?"

हे तोंडातून गेलं आणि विमल थांबली. तिला दिसलं ते तिला आवडलं नाही. इतके दिवस देवाच्या नावानं ती जे रडत होती, त्यातलं निम्मं रडं हे होतं. सेक्रेटरी विमलताई खोटं बोलल्या, असं लोक म्हणतील ह्याचं. मी महापापी आहे असं म्हणताना कुणी नावं ठेवत नाही, उलट जवळ घेतात. मी खोटं बोलले असं म्हणताना मात्र एकटीनं उभं राहावं लागतं.

बाबांनी उठण्यासाठी हात पुढे केला. तिनं त्यांना धरून उठवलं, आणि समोरच्या घरात येईपर्यंत कोण कुणाला धरून चाललंय हे सांगता आलं नसतं.

खोली भरली होती. चटईवर बायका, खुर्च्यांवर पुरुष, दारात चपलांचा ढीग. सुगंधाबाई दाराजवळच्या खुर्चीवर, पांढऱ्या कडक इस्त्रीच्या साडीत, पर्स मांडीवर उभी धरून बसली होती, म्हणजे कोणत्याही क्षणी निघता यावं. तिनं बाबांना उठून "सलाम" केला, सहदेव-मार्तंडला केला. विमलकडे पाहिलं आणि बसली. मालननं हे सगळं पाहिलं आणि जावेकडे अशा नजरेनं बघितलं की विमलचे पाय पुन्हा स्वयंपाकघराकडे वळू लागले. सहदेव हळूच म्हणाला, "विमल, बरं नसेल तर आत बस." त्याला बायकोला वाचवायचं होतं. प्रथमच तिला त्याच्या मायेचा थोडा कंटाळा आला. ती चटईवर पुढेच बसली.

गीतं झाली. बाबांच्या आयुष्याबद्दल पाळकसाहेब बोलले, मनगटावरच्या घड्याळाकडे दोनदा बघून. मग नेहमीप्रमाणे म्हणाले, "प्रार्थना करण्याआधी, कुणाच्या काही विनंत्या?"

कुणाचा गुडघा होता. कुणाच्या मुलाचा इंटरव्ह्यू होता. खालच्या मजल्यावरच्या आजींची नेहमीची, गॅसचा नंबर लवकर लागावा म्हणून. मग विमल उभी राहिली.

"मी," ती म्हणाली, "मी एक अत्यंत पापी..." आणि सवयीनं तिचा हात पदराकडे गेला. चटईवरच्या बायकांचे पदर डोळ्यांकडे निघालेसुद्धा. एकीनं तर "बिचारी" म्हटलं. ते ऐकून विमलला एकदम कळलं की अजून एक शब्द पुढे गेली तर आजही सगळ्या तिला मिठ्या मारतील, सुगंधाबाई पर्स घेऊन उठेल आणि उत्तरा कपबशा विसळत बसेल. ती थांबली. पदर खाली सोडला. पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज सभेचे मिनिट्स वाचून दाखवणाऱ्या सेक्रेटरीचा होता.

"माझी विनंती नाही, पाळकसाहेब. मागच्या एका विनंतीत दुरुस्ती आहे. स्त्री-सभेत मी माझ्या पुतणीबद्दल सांगितलं होतं, नाव न घेता. ती म्हणजे आमची उत्तरा, मार्तंडभावजींची मुलगी. ती मोहात सापडली आहे असं मी म्हणाले. ते खोटं होतं. ती तिच्या गरोदर मैत्रिणीला सोबत म्हणून दवाखान्यात गेली होती. स्कूटरवर होता तो त्या मैत्रिणीचा नवरा. मी तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. सुगंधाबाई, तुमच्याकडे जे आलं ते माझ्याकडून आलं, आणि त्यात खरं काही नाही. ज्या ज्या बायकांनी माझ्याकडून ऐकलं त्यांच्या घरी मी ह्या आठवड्यात जाणार आहे. एवढंच आहे."

ती खाली बसली नाही. कुणी मिठी मारली नाही. चटईवरच्या बायका एकमेकींकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या. त्यांतल्या चार-पाच जणींनी ती विनंती आपापल्या बिल्डिंगपर्यंत नेली होती.

सुगंधाबाई म्हणाली, "मार्तंडभाऊ माझ्याकडे येऊन किती दिवस झाले?"

"महिना झाला," विमल म्हणाली.

"महिनाभर काय करत होतीस?"

"रडत होते."

"ह्या पोरीसाठी?"

विमलनं विचार करून खरं ते सांगितलं. "नाही. बहुतेक माझ्यासाठी."

मागे कुणीतरी हसू दाबलं, मार्तंड असावा. सुगंधाबाई हसली नाही. तिनं पर्स मांडीवरून उचलून खाली जमिनीवर ठेवली. "मला राग आलाय," ती म्हणाली, "तो मी लपवत नाही. पण मी वॉर्डात इतकी वर्षं काढली. एका पेशंटला काय झालंय ते मी दुसऱ्या पेशंटला कधी विचारलं नाही. इथं मात्र मी चौघींना विचारलं आणि ह्या पोरीला विचारलं नाही. हिचं घर मला माहीत होतं." मग ती उत्तराकडे वळली. "उत्तरा, माझं चुकलं. श्यामसुंदरला उद्या पाठवते तुझ्याकडे."

सगळ्या खोलीनं श्वास सोडला. मालनचे तर डोळेच वाहू लागले. पण उत्तरा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, ती तशीच राहिली.

"पाठवू नका," ती म्हणाली.

"उत्तरा," मार्तंड दटावत म्हणाला.

"नाही पप्पा, बोलू दे ना. आँटी, तुम्ही आज आलात, मला बरं वाटलं. खरंच. पण त्याला पाठवू नका. त्याला यायचं असेल तर त्याचं त्यानं यावं. त्यानंसुद्धा मला विचारलं नाही. आला तर मी दार उघडेन, मग बघू."

"त्याला एवढंच सांगते," सुगंधाबाई म्हणाली. "आणि तो आला नाही ना, तर तू सुटलीस असं समज. पण येईल. आज सकाळीच विचारत होता, मीही येऊ का म्हणून. मीच नको म्हणाले."

पाळकसाहेबांना आता नेमकी कशासाठी प्रार्थना करायची ते समजेना. गुडघा, इंटरव्ह्यू, गॅस इतपत त्यांनी लिहून घेतलं होतं. बाबा आपल्या खुर्चीवरून मोठ्यानं म्हणाले, "पाळकसाहेब, उपकार माना. त्याच्यासाठीच जमलोय." तेव्हा सगळ्यांनी डोळे मिटले, आणि उपकार मानून होईपर्यंत सिनेमाची नावं येऊन गेली होती, तरी कुणी उठलं नाही.

आमेन झाल्या झाल्या मालन स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "जाऊबाई, वडे गार झालेत. पुन्हा एकदा तेलातून काढायचे का?" विमलला वाटलं ती दुसऱ्या कुणाला विचारतेय. मग "हो, काढ," म्हणाली. एवढंच बोलणं झालं. पण बाहेर मार्तंडनं भावाच्या पाठीवर थाप मारली आणि दोघे मिळून चहाचे कप फिरवू लागले.

फराळ झाला, पाहुणे पांगले. सुगंधाबाई बाबांजवळ बसून त्यांच्या गुडघ्यांना कसलं तेल चोळायचं ते मोठ्या आवाजात समजावत होती. विमल आत मोरीशी आली. उत्तरा कपबशा विसळत होती. विमल तिच्या शेजारी उभी राहिली, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं. देवाला तिनं हजारदा सांगितलं होतं. सहदेवला, बाबांना, आज तर सगळ्या खोलीला सांगितलं. ज्या पोरीचं नुकसान केलं, त्या पोरीसमोर उभं राहून ते एक वाक्य तिनं अजून म्हटलं नव्हतं.

"उत्तरा," ती म्हणाली. "मी तुझ्याबद्दल खोटं सांगितलं. माझं चुकलं. मला माफ कर."

उत्तरानं नळ बंद केला. तिनं असू दे म्हटलं नाही. जाऊ दे गं, मनाला लावून घेऊ नकोस, असंही म्हटलं नाही.

"हो," ती म्हणाली. "चुकलीस. खूप चुकलीस."

सगळ्या दीड महिन्यात हे तिला कुणी म्हणालं नव्हतं. विमलला वाटलं होतं हे ऐकलं तर आपण कोसळू. ती कोसळली नाही. उलट पाय जमिनीला नीट टेकल्यासारखे वाटले.

"माफ करायला मला वेळ लागेल," उत्तरा म्हणाली. "राग आहे मला अजून. उद्याही असेल बहुतेक."

"असू दे. तुझा आहे तो. मला सांगत जा."

उत्तरानं एक बशी पुसली, तिच्यात दोन वडे ठेवले आणि ती काकूच्या हातात दिली.

"आधी खा," ती म्हणाली. "उपाशी माणसावर मला धड रागावताही येत नाही."